कोरडा सांधा

"काका, रविवारपर्यंत ही कुठल्या सालची तेवढं शोधून ठेवा," असं म्हणून पुतण्यानं सायकलची फ्रेम आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीनला टेकवली आणि तो कामावर गेला. चाकं नाहीत, सीट नाही, हँडल नाही, नुसता गंजका सांगाडा. वरची नळी धड, मागचे काटे धड, आणि खालची तिरकी नळी पुढच्या टोकाला निखळून आ वासलेली. मी चहा पीत होतो. कप डाव्या हातात होता, मी डावराच आहे, आणि तो असा कलंडला की चहा बशीत आणि बशीतून पायजम्यावर. "अहो, लोखंड आहे ते, वाघ नाही," बायको आतून म्हणाली. तिला काय सांगणार? लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आजवर सांगितलं नाही ते आज पायजमा पुसता पुसता सांगू? टीपॉयवर पुतण्यानं एक कागदही ठेवला होता. जुन्या सायकली नव्या करून देणारा कुणी माणूस त्यानं शोधून काढलाय, त्याचा हा छापील कागद. बनावट, साल, कारागीर, अशा तीन ओळी. त्या भरल्याशिवाय तो कामाला हात लावत नाही म्हणे, कारण रंग आणि पट्टे त्या सालचेच लागतात. बनावटीपुढे पुतण्यानं आमच्या बंद पडलेल्या कारखान्याचं नाव लिहिलं होतं. कारागिरापुढे पेन्सिलीनं, सुंदर अक्षरात, आपल्या बापाचं. सालाची जागा कोरी होती. ती मी भरायची, कारण त्या कारखान्यात घाम गाळलेला आमच्या घरात आता मीच एकटा उरलोय. "तुमच्याशिवाय कोण सांगणार, काका?" जाताना तो म्हणाला. खरंय बाबा. माझ्याशिवाय कोण सांगणार.

ही फ्रेम ऐंशी सालची असेल तर मी सुटलो. एकोणऐंशीची असेल तर माझ्या भावाला, म्हणजे ह्या पोराच्या बापाला, मी मारलं. इतकी सरळ गोष्ट आहे. एकेचाळीस वर्षं मी ती सरळ गोष्ट उलटी करून पाहिली नाही, कारण त्यासाठी फ्रेम उलटी करून पाहावी लागते. पायडलचा आस ज्या नळकांड्यात बसतो त्याच्या पोटाला नंबर मारलेला असतो, आणि नंबराच्या आधी सालाचं अक्षर. दोन मिनिटांचं काम. मी ते एकेचाळीस वर्षं पुढं ढकललं. दाताच्या दुखण्यासाठीसुद्धा माणूस इतका आळस करत नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या कारखान्यात सांधे भरणारे चौघेजण होते, त्यांत तो पहिला. सांधा भरायचा म्हणजे काय, तर नळी एका लोखंडी बाहीत बसवायची, त्या बाहीला आम्ही लग म्हणायचो. पितळ धरावं म्हणून वर टाकणखार लावायचा, ज्योत मारायची, आणि लोखंड बरोबर केशरी झालं की पितळेची कांडी टेकवायची. पितळ वितळून आत ओढलं गेलं पाहिजे, नळी आणि लग यांच्या फटीत, अगदी तळापर्यंत. आत गेलं की नाही हे बाहेरून दिसत नाही. इथंच तर सगळी मेख. ज्योत घाईनं मारली, लोखंड पुरतं तापायच्या आत कांडी लावली, तर पितळ कडेला गोल फिरून झकास झालर धरतं आणि आत मात्र ठणठणाट. त्याला आम्ही कोरडा सांधा म्हणायचो. दिसायला भरलेल्यापेक्षा देखणा. दादा मला सांगायचा, "धाकल्या, रंग बघ लोखंडाचा, घड्याळ बघू नकोस." मी घड्याळच बघायचो. अठरा वर्षांचा होतो, मान सारखी अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि बाकीच्यांचा ढीग बघून मी कांडी आणखी लवकर टेकवायचो. चेकर म्हणून एक जाडा माणूस होता. तो लाकडी हातोडीनं प्रत्येक सांध्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा, मग मान हलवायचा. माझ्या फ्रेमांवर तो मान हलवायचा ती नको त्या दिशेनं. सगळ्यांसमोर फ्रेम उचलून म्हणायचा, "हे कुणी केलं? सायकल आहे का ताबूत?" आणि सगळे हसायचे. दादा हसायचा नाही. तो आपल्या जागेवरून उठून यायचा, माझा सांधा पुन्हा तापवून भरायचा आणि काही न बोलता परत जायचा. त्याचं ते काही न बोलणं मला चेकरच्या शिव्यांपेक्षा लागायचं. मी एकोणऐंशीच्या जानेवारीत ज्योतीवर बसलो आणि डिसेंबर संपताना मला उठवून डिस्पॅचच्या टेबलावर टाकलं. पुढं कारखाना बंद पडेपर्यंत मी पावत्याच फाडल्या. म्हणजे ऐंशीपासूनच्या कुठल्याच सायकलीला माझा हात लागलेला नाही. हे मी मनातल्या मनात इतक्या वेळा घोकलंय की शाळेत पाढेसुद्धा तितके घोकले नव्हते.

दहा वर्षं झालेल्या कामगाराला कारखाना एक फ्रेम भेट द्यायचा. नवी नाही, गोदामात पडून राहिलेल्या मालातली, ज्यानं त्यानं निवडून घ्यायची. त्र्याऐंशीत दादाची दहा वर्षं भरली. अर्धा दिवस तो गोदामात वाकून वाकून फ्रेमा उलट्या करत होता आणि शेवटी एक खांद्यावर टाकून बाहेर आला. "माझ्या खुणेची मिळाली," असं त्यानं फाटकाशी सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, आमच्या नशिबी कुणाच्या हातची येते कोण जाणे. घरी नेऊन त्यानं ती काळी रंगवली, चाकं लावली, आणि वर्षभर चालवली. चौऱ्याऐंशीत एका सकाळी, कारखान्याच्या अलीकडच्या उतारावर, तो पडला आणि मागून येणाऱ्या टेम्पोला थांबता आलं नाही. पोलिसांनी टेम्पोवाल्याचा भरधाव वेग लिहिला. सगळ्यांनी टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या, मीही घातल्या, मोठ्यानं. मग चौकीतून सायकल आणायला मला पाठवलं. चौकीच्या मागल्या भिंतीशी ती आडवी पडली होती, चाकं शाबूत, सीट शाबूत. टेम्पो तिच्या अंगावरून गेलाच नव्हता. तिरकी नळी पुढच्या लगमधून सरळ बाहेर आली होती, म्यानातून तलवार यावी तशी, न वाकता, न फाटता. मी उकिडवा बसलो आणि नळीच्या तोंडाकडं पाहिलं. कडेला पितळेची बारीक झालर, आणि आत काळा जळका टाकणखार. पितळ नाही. एक थेंब नाही. हवालदार म्हणाला, "इथं सही करा." मी केली. त्याला सांध्यातलं काय कळतंय, कुणालाच काय कळतंय. ते कळणारा एकजण घरी पांढऱ्या चादरीखाली होता आणि दुसरा सही करत होता.

वहिनींनी सायकल मोडीत काढू दिली नाही. चाकंबिकं गेली, पण फ्रेम त्यांनी माळ्यावर ठेवली. मी तीनदा न्यायला गेलो. एकदा म्हणालो, गंज धरतोय, पोराला धनुर्वात होईल. एकदा म्हणालो, माळ्यावर वजन नको. तिसऱ्यांदा काय म्हणालो आठवत नाही. तिन्ही वेळा वहिनी म्हणाल्या, "राहू दे, भाऊजी. असू दे डोळ्यासमोर." माळा काय डोळ्यासमोर असतो? पण मी वाद घातला नाही, चहा घेऊन परत आलो. पोराची फी मी भरली, त्याला पोहायला मी शिकवलं, त्याच्या लग्नात बापाच्या जागी मी उभा राहिलो. लोक म्हणतात, काका असावा तर असा. लोकांच्या तोंडाला मी कुठं हात लावू?

गुरुवारची दुपार मी फ्रेमकडं पाठ करून पेपर वाचण्यात घालवली. शुक्रवारी बायको बहिणीकडं गेल्यावर पॉलिश पेपर, रॉकेल आणि जुनं बनियन घेऊन गॅलरीत बसलो. फ्रेम मांडीवर उलटी घेतली. लोखंड थंड होतं आणि वाटलं त्यापेक्षा हलकं. आधी दादानं लावलेला काळा रंग निघाला, त्याच्याखाली कारखान्याचा हिरवा. हिरवा एकोणऐंशीलाही होता आणि ऐंशीलाही, त्यामुळे रंगावरून काही कळायचा प्रश्न नव्हता. मग गंज आला, तांबडा, नखांत जाणारा. मी हळूहळू घासत होतो. खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम शेवटच्या आकड्याकडून घासत होतो, म्हणजे अक्षर सगळ्यात शेवटी येईल. दोन निघाला, सात निघाला, एक, चार. आत जाऊन पाणी प्यायलो, बाथरूमला जाऊन आलो, नळ गळतोय का बघितलं. परत येऊन बसलो आणि दोनदा घासल्यावर अक्षर वर आलं. जे.

जे. मी बोटं मोजली. ए म्हणजे एकाहत्तर, त्या साली कारखाना सुरू झाला. बी बहात्तर, सी त्र्याहत्तर, डी, ई, एफ, जी सत्त्याहत्तर, एच अठ्ठ्याहत्तर, आय एकोणऐंशी, जे ऐंशी. ऐंशी! मी खरोखर मोठ्यानं म्हणालो, "ऐंशी." खालच्या मजल्यावरच्या बाईनं वर पाहिलं. जगातला कुठलाही शहाणा माणूस जे म्हणजे ऐंशीच म्हणेल. पुतण्या म्हणेल, तो सायकलवाला म्हणेल, कागदावर लिहून मोकळे होतील. फक्त मी म्हणू शकत नाही. कारण नंबर मारणाऱ्यांच्या टेबलाशी मी उभा राहिलेला आहे आणि त्यांच्या ठशांच्या डब्यात आय नव्हताच. आय आणि एक हे दोन ठसे शेजारी मारले की वेगळे ओळखू यायचे नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून तो वगळलेला. एचनंतर थेट जे. अठ्ठ्याहत्तरनंतर थेट एकोणऐंशी. हे माहीत असलेली माणसं त्या वेळी शंभरेक होती, आता मी एक. बनियनाला हात पुसले, ते आणखीच तांबडे झाले. एक अक्षर मधे धरायचं, बस्स. आय धरला की मी सुटलो, आय सोडला की अडकलो. आणि विचारणार कोण आहे?

एकोणऐंशीची असली म्हणून काय झालं, असंही मी मनाशी भांडून पाहिलं. नंबराशेजारी खूण होती ना. आमच्याकडं ज्यानं सांधे भरले त्यानं आपल्या टोच्यानं आपली खूण मारायची. माझी एक आडवी रेघ. दादाची तीन टिंबं, त्रिकोणात. नंबराच्या डाव्या अंगाला तीन टिंबं होती, अंगठ्याला लागत होती. मग दादाचीच ना ती फ्रेम? त्यानं स्वतः निवडली ना? हे सगळं मी वकिलासारखं मांडलं, आणि मांडता मांडताच मला त्या चहाच्या सुट्टीचा वास आला, जळक्या टाकणखाराचा आणि साबणाचा. दादाची तीन टिंबं दिसली की चेकर हातोडी उचलायचाच नाही. "ह्याचं काय तपासायचं," म्हणून पुढं ढकलायचा. आणि दादा चहाला गेला की त्याचा टोच्या टेबलावर पडलेला असायचा. ऑक्टोबरमधला आठवडा होता. चेकरनं सांगितलं होतं, आणखी एक फ्रेम परत आली तर उद्यापासून येऊ नकोस. मी दादाचा टोच्या उचलला आणि माझ्या फ्रेमांवर मारला. टक, टक, टक. अकरा फ्रेमा. मी मोजलेल्या नाहीत असं मी स्वतःला सांगत आलोय, पण अकरा. अकराही पास झाल्या. चेकर म्हणाला, "वा, आज तर थोरल्यानं ढीग लावला." दादानं ढिगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि काही बोलला नाही. त्या अकरांतल्या दहा कुठं गेल्या मला माहीत नाही. कुठल्या कुठल्या घरांत गेल्या असतील, कुणी मुलीला पुढं बसवलं असेल. अकरावी माझ्या मांडीवर होती. दादाच्या हातून कोरडा सांधा झाला असेल असं म्हणायला माझी जीभ रेटेना. तसा तो त्याच्या हातून कधी झालाच नाही. तो आपली खूण शोधत गोदामात अर्धा दिवस वाकला, आणि त्याची खूण मी आधीच चोरून ठेवलेली. मी फ्रेम मांडीवरून खाली ठेवली आणि गॅलरीच्या फरशीवर बसून रडलो. साठी उलटलेला माणूस नाक ओढत रडतो ते काही बघण्यासारखं नसतं. बायको आली तेव्हा म्हणालो, रॉकेल डोळ्यात गेलं.

शनिवारी दिवसभर मी ऐंशी ह्या शब्दाची तालीम केली. दाढी करताना म्हणून पाहिला, भाजी आणताना म्हणून पाहिला. सहज म्हणायचा. "ऐंशी रे. जे म्हणजे ऐंशी." मग दादाच्या सायकलीला पट्टे येतील, ती पोराच्या दिवाणखान्यात भिंतीवर लागेल, खाली पितळी पट्टीवर लिहिलं जाईल की ही माझ्या बाबांनी घडवली. कुणाचं काय बिघडलं? उलट पोराला बापाच्या हातची एक तरी वस्तू मिळाली. इतका विचार झाल्यावर मला जवळजवळ बरं वाटलं. भूकसुद्धा लागली.

रविवारी सकाळी दहाला पुतण्या आला, आणि त्याच्यामागून वहिनी, जिन्याला धरत धरत. वहिनी येणार हे मला माहीत नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून त्या कुठं जात नाहीत. बायकोनं त्यांना खुर्ची दिली, त्यांनी ती गॅलरीच्या दारात ओढून घेतली. पुतण्या नेहमीसारखा हसला नाही. थेट फ्रेमपाशी गेला, उलटी केली, नंबर वाचला आणि माझ्यासारखीच बोटं मोजली. "ए, बी, सी... ऐंशी ना, काका?" मी तोंड उघडलं. शब्द तयार होता. तेवढ्यात तो म्हणाला, "काल त्या सायकलवाल्याला मी ह्या नळीचे आधी काढून ठेवलेले फोटो पाठवले. तो म्हणाला, हा सांधा भरलाच नव्हता कधी. वरवर पितळ फासलंय. म्हणाला, कुणीतरी कामचुकार माणूस होता, मुडदा बसवला त्याचा." त्याचं बोट तीन टिंबांवर होतं. "ही बाबांचीच खूण ना? म्हणजे बाबांनी स्वतःच..." एवढा मोठा माणूस, डोक्यावर केस पांढरे व्हायला लागलेले, आणि आठ महिन्यांचा असताना गेलेल्या बापासाठी त्याचा ओठ थरथरत होता. "आई काही बोलत नाही. तुम्ही तरी सांगा. बाबा असे होते का?"

मी म्हणालो, "ऐंशी नाही." माझाच आवाज मला लांबून आला. "आय मारायचे नाहीत आमच्याकडं. एचनंतर जे. एकोणऐंशी आहे ही." तो म्हणाला, "बरं, मग? एका वर्षानं काय होतं?" बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हणालो, "त्या वर्षी मी ज्योतीवर होतो. खूण दादाची आहे. सांधा माझा आहे. पास व्हावी म्हणून मी त्याची खूण मारली होती." आणि मग सगळंच सांगितलं, चहाची सुट्टी, टोच्या, अकरा फ्रेमा, चौकीतली ती नळी. सांगताना मी कुणाकडं पाहिलं नाही, बनियनाच्या चिंधीकडं पाहत होतो. संपलं. मग वहिनींनी विचारलं, "तिसरं टिंब तिरकं आहे ना, भाऊजी?"

मी खाली वाकून पाहिलं. शुक्रवारी अंगठा फिरवला होता, नीट पाहिलं नव्हतं. दोन टिंबं गोल होती, तिसरं एका बाजूला खोल रुतलेलं. डाव्या हातानं घाईत मारलं की टोच्या असा कलतो. "आणली त्याच दिवशी मला दाखवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "हसत होते. म्हणाले, हे बघ आमच्या डावऱ्याचे उद्योग, अख्खं गोदाम पालथं घातलं तेव्हा ही एक हाताला लागली. मी म्हटलं, मग आणलीत कशाला, चांगली घ्यायची. तर म्हणाले, तिथं ठेवली तर दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल. सवडीनं सांधा उघडून भरतो. तोवर हळू चालवतो." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सवड नाही झाली."

"वहिनी, तुम्ही मला कधी..." मी म्हणालो.

"त्यांनी शब्द घेतला होता. त्याला सांगू नकोस, म्हणाले, जन्मभर मनाला लावून घेईल." वहिनी माझ्याकडं सरळ पाहत होत्या. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "मी शब्द पाळला. पण तुम्हाला कुणी अडवलं होतं? तुम्ही तीनदा आलात ती मोडीत काढायला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज सांगतील. चहा टाकायचे आणि वाट बघायचे. तुम्ही चहा प्यायचात आणि जायचात. एकेचाळीस वर्षं, भाऊजी. म्हणून ठेवली ती माळ्यावर. आठवण कसली?"

बायको हुंदका देऊन आत गेली. खाली कुणीतरी गाडी धुत होतं, बादलीचा आवाज येत होता. पुतण्यानं टीपॉयवरचा कागद उचलला, पेन्सिलीनं साल लिहिलं, एकोणऐंशी. मग खिशातून खोडरबर काढलं आणि कारागिराच्या ओळीतलं बापाचं नाव खोडायला लागला, हळूहळू, कागद फाटू नये अशा बेतानं. त्या रबराचा चुरा त्यानं फुंकून उडवला. तेवढी जागा मळकट झाली होती. कागद आणि पेन्सिल त्यानं माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "इथं लिहा." काका म्हणाला नाही.

पेन्सिल मी डाव्या हातात घेतली आणि माझं नाव लिहिलं.